शिट्टी घालवता घालवता आवाजच का मरतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम आकाराचं सभागृह, मंचाच्या दोन्ही बाजूंना मुख्य स्पीकर, मंचावर दोन मॉनिटर (मंचावरच्यांना त्यांचाच आवाज ऐकवणारे स्पीकर), पोडियमवर एक माइक आणि गाणाऱ्यांसाठी चार. मिक्सरच्या मुख्य आउटपुटवर ३१ बॅन्डचा ग्राफिक इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या ३१ सरकत्या पट्ट्या. कार्यक्रमाआधी गेन (आवाज किती मोठा करायचा ते प्रमाण) वाढवत न्यायचा आणि जी फ्रिक्वेन्सी शिट्टी मारेल, म्हणजे फीडबॅक देईल, तिची पट्टी खाली ओढायची, असं करत करत दहा-बारा पट्ट्या खाली आल्या. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा झाला, आणि तरीही हळू बोलणारा वक्ता आला की माइक ओरडतोच. तर आता कोणती पट्टी ओढायची?

कोणतीच नाही. सगळ्या पट्ट्या शून्यावर आणा, कारण तुमची अडचण बहुतांशी इक्वलायझरच्या आधीच तयार झालेली आहे. ईक्यूने, म्हणजे इक्वलायझरने, शिट्टी येण्याआधी मिळणारा गेन वाढतो हे खरं, पण माझ्या अनुभवात ती कमाई ३ ते ६ डेसिबलची असते. माइक तोंडाजवळ आणून तेवढं किंवा त्याहून जास्त मिळतं, आणि आवाजाचा पोतही बिघडत नाही.

आधी शिट्टी का येते ते नीट पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये परत जातो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा निघतो. या फेरीत एखाद्या फ्रिक्वेन्सीला जेवढा तोटा होतो तेवढीच किंवा त्याहून जास्त वाढ मिळाली, आणि फेरी पूर्ण करून ती त्याच फेजमध्ये (लहरीचे चढउतार जुळवून) परत आली, की ती स्वतःच्या बळावर वाढत जाते. माइक आणि स्पीकर यांच्यात सुमारे ३.४ मीटर अंतर असेल तर एका फेरीला १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे फेज जुळणाऱ्या जागा दर १०० हर्ट्झवर सापडतात. यातल्या ज्या जागी स्पीकर, माइक, खोली आणि ईक्यू मिळून सर्वांत जास्त गेन देतात तिथे पहिली शिट्टी येते. फेरीत फक्त १ डेसिबल जादा मिळत असेल तरी सेकंदाला शंभर फेऱ्या होतात, म्हणजे अर्ध्या सेकंदात ५० डेसिबलची वाढ. शिट्टी अंगावर आल्यासारखी येते ती यामुळे.

याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही, पण ती मला जास्त महत्त्वाची वाटते. शिट्टी येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं. फेरीत १ डेसिबल कमी पडत असेल तर शिट्टी येणार नाही, पण ती फ्रिक्वेन्सी विझायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ घेईल. प्रत्येक शब्दाला मागे एक बारीक शेपूट लागेल. ६ डेसिबल खाली असतानासुद्धा त्या नाजूक पट्ट्यात फेज जुळेल तिथे ६ डेसिबलचा उंचवटा आणि फेज उलट पडेल तिथे साडेतीन डेसिबलचा खड्डा तयार होतो. १२ डेसिबल खाली गेल्यावर हेच आकडे अडीच आणि दोनच्या आसपास येतात. ‘आवाज धातूच्या नळीतून येतोय’ अशी तक्रार श्रोते करतात तेव्हा बहुतेक वेळा यंत्रणा शिट्टीच्या उंबरठ्यावर उभी असते, आणि चालवणारा मात्र ईक्यूमध्ये ‘नळी’ शोधत बसतो. म्हणून कामाच्या पातळीपासून शिट्टीच्या पातळीपर्यंत निदान ६ डेसिबल मोकळी जागा ठेवायचीच, आणि भाषणाच्या माइकला मी त्याहून जास्त ठेवतो.

ही जागा मिळते कुठून? पहिली गोष्ट तोंडापासून माइकचं अंतर. मोकळ्या हवेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल जास्त मिळतात. ३० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरवर आलात तर १५ डेसिबलहून जास्त. तुमच्या पोडियमचा माइक वक्त्यापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर तो २० वर आणा. कधी पोडियमवर शोभेसाठी दोन माइक लावलेले असतील तर एकच चालू ठेवा. दोन्ही चालू असले की वक्ता जरा डावी-उजवीकडे सरकला तरी दोन्ही माइकपर्यंतचे मार्ग वेगळे होतात आणि आवाजात खाचा पडतात. १ मिलिसेकंदाचा फरक, म्हणजे जेमतेम ३४ सेंटिमीटर, ५०० हर्ट्झला पहिली खाच पाडतो, मग १५००ला, मग २५००ला. या खाचा ईक्यूने भरत नाहीत. तुम्ही ५०० वाढवलं तर दोन्ही माइकमधलं ५०० वाढतं आणि ते पूर्वीसारखंच एकमेकांना खातं.

दुसरी गोष्ट उघड्या माइकांची संख्या. सारख्याच गेनवरचे उघडे माइक दुप्पट झाले की ३ डेसिबल गमावता. एकाचे पाच झाले की ७. भाषण चालू असताना गाण्याचे चारही माइक उघडे असतील तर ते कोणी वापरत नसताना तुमची एवढी जागा खात आहेत. ते म्यूट करा. आता बेरीज करा: पोडियमचा माइक जवळ आणल्याचे ६ आणि चार माइक बंद केल्याचे साधारण ७, असे १३ डेसिबल, इक्वलायझरला हात न लावता. प्रत्यक्षात आकडा थोडा इकडेतिकडे होईल, कारण सगळे माइक सारख्या गेनवर नसतात, पण दहा-बारा पट्ट्या ओढून जे जमलं नाही ते इथे सहज जमतं.

तिसरी गोष्ट दिशा, आणि इथे घाईत बऱ्याच चुका होतात. कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, बरोबर मागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून त्याच्या समोरचा मॉनिटर माइकच्या शेपटीच्या रेषेत हवा. त्याहून अरुंद कान असलेल्या सुपरकार्डिऑइडचं तसं नाही. त्याची बहिरी बाजू समोरून सुमारे १२६ अंशांवर असते, हायपरकार्डिऑइडची सुमारे ११० अंशांवर, आणि ठीक मागून मात्र दोघेही काही प्रमाणात ऐकतात. चांगला सुपरकार्डिऑइड माइक आणून त्याच्या थेट मागे मॉनिटर ठेवला तर जास्त पैसे मोजून जास्त शिट्टी घेतल्यासारखं होतं. तिथे मॉनिटर थोडे बाजूला, दोन कोपऱ्यांतून गायकाकडे रोखलेले हवेत. माइकचा प्रकार त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय मॉनिटर मांडू नका.

आणि गायकांना एक गोष्ट आवर्जून सांगा: माइकची जाळी मुठीत धरू नका. जाळीच्या मागच्या झरोक्यांतून येणाऱ्या आवाजामुळेच माइकला दिशा कळते. ते झाकले की तो सगळीकडून ऐकू लागतो, शिवाय मुठीच्या पोकळीचा स्वतःचा एक उंचवटा तयार होतो. शिट्टी आली म्हणून घाबरून माइकवर हात ठेवणारा माणूस ती वाढवतच असतो. माइकवर वाकलेली रुंद टोपी, पोडियमचा गुळगुळीत फळा, मागची काच हेही आवाज परत माइकमध्ये लोटतात. पोडियमच्या फळ्यावर जाडसर कापड टाकून फरक ऐका.

मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, म्हणजे श्रोत्यांच्या बाजूला असावेत आणि त्यांची तोंडं श्रोत्यांवर असावीत, मागच्या भिंतीवर नव्हे. पण स्पीकर नुसता दूर नेऊन फायदा होतच राहील असंही नाही. बंद सभागृहात एका अंतरापलीकडे थेट आवाजापेक्षा खोलीत घुमणारा आवाज वरचढ होतो. ते अंतर काढायचा ठोकताळा असा: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला प्रतिध्वनी विझायच्या सेकंदांनी भागा, वर्गमूळ काढा आणि ०.०५७ ने गुणा. मग स्पीकरच्या दिशादर्शकतेचा (आवाज एकाच दिशेला किती रोखतो त्याचा) जो आकडा असेल त्याच्या वर्गमुळाने पुन्हा गुणा. २००० घनमीटर, १.६ सेकंद आणि दिशादर्शकता १० असेल तर स्पीकरच्या समोर सव्वासहा मीटरच्या आसपास उत्तर येतं. त्यापलीकडे माइक आणखी दूर ठेवून फारसं हाती लागत नाही. तिथे आवाज सगळीकडून येत असतो.

आता ईक्यू. माझ्या मते सगळा गोंधळ दोन वेगळी कामं एकाच ३१ पट्ट्यांवर करायला गेल्याने होतो. एक काम म्हणजे यंत्रणा या खोलीत नीट ऐकू येईल अशी करणं. दुसरं काम म्हणजे एखाद्या माइकची एखादी खोड मोडणं. पहिलं आउटपुटवर व्हावं, रुंद आणि सौम्य हाताने. दुसरं त्या माइकच्या चॅनलवर व्हावं. पोडियमच्या माइकसाठी मुख्य आउटपुटवर ८०० हर्ट्झ कापलं तर गाणारे, वाद्यं, ध्वनिमुद्रित संगीत या सगळ्यांचं ८०० जातं, आणि त्यांचा काहीच दोष नसतो.

यंत्रणेपासून सुरुवात करा, सगळे माइक बंद ठेवून. स्पीकरची जागा आणि रोख ठरल्यावरच ईक्यू उघडा. सब (खर्जाचे वेगळे स्पीकर) असतील तर क्रॉसओव्हरच्या पट्ट्यात, म्हणजे दोघांच्या कामाची वाटणी होते तिथे, मुख्य स्पीकर आणि सब एकमेकांना आधार देतात की काटतात ते आधी पाहा. तिथे एकाचा डिले (आवाज निघायची वेळ) किंवा पोलॅरिटी (सिग्नलची सुलट-उलट बाजू) चुकलेली असेल तर पडलेला खड्डा ईक्यूने भरायला जाऊ नका. मोजायची सोय असेल तर दोन चॅनलचं मापन करणारं सॉफ्टवेअर वापरा, जे मिक्सरमधून निघालेला आणि माइकने ऐकलेला सिग्नल यांची तुलना करतं. निव्वळ पिंक नॉइझ (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला चाचणीचा खरखराट) लावून आरटीएवरच्या (कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या) दांड्या सरळ करत बसलात तर थेट आवाज आणि खोलीचा घुमार एकत्र मोजला जातो, आणि घुमार दुरुस्त करता करता थेट आवाज वाकडा होतो. एकाच जागी मोजून निर्णय घेऊ नका. पाच-सहा जागी मोजा आणि जे सगळीकडे सारखं दिसतं तेवढंच सुधारा. एका खुर्चीवर दिसणारा आणि पुढच्या खुर्चीवर गायब होणारा खड्डा दोन मार्गांनी आलेल्या आवाजांच्या काटाकाटीचा असतो. तो ईक्यूचा विषय नाही.

मोजायची सोय नसली तरी काम होतं. ज्याचा कण न् कण तुम्हाला पाठ आहे असं एखादं ध्वनिमुद्रण लावा आणि सभागृहभर फिरा. बंद खोलीत १०० ते ३१५ हर्ट्झच्या पट्ट्यात फुगवटा असण्याची शक्यता मोठी. तो रुंद हाताने ३-४ डेसिबल उतरवला की निम्मं काम होतं. मग एक माहितीतला माइक, चॅनलचं ईक्यू सपाट, आणि स्वतःचा आवाज. आपला आवाज ओळखीचा असल्याने काय खटकतं ते लगेच कळतं. एक सावधगिरी मात्र घ्या. बोलताना हाडांतून येणारा आपला स्वतःचा खर्ज कानात मिसळत असतो, म्हणून खर्जाचा निर्णय दुसऱ्याला बोलायला लावून घ्या.

चॅनलवर आलात की पहिलं बटण लो-कटचं, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी गाळणारं. भाषणाला १०० ते १२० हर्ट्झच्या खाली काही लागत नाही. तिथे पोडियमवरच्या टकटकीचा आणि सबच्या गळतीचा कचराच असतो. दिशादर्शी माइक तोंडाजवळ आला की खालचे स्वर फुगतात, तेव्हा १५० ते ३०० च्या दरम्यान थोडा कट लागेल. वर २ ते ४ किलोहर्ट्झला हात लावताना मात्र शंभरदा विचार करा. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे आणि व्यंजनं बरीचशी इथे राहतात. शिट्टीही इथेच येते, म्हणून लोक इथेच सर्वांत जास्त कापतात. मग शब्द कळत नाहीत म्हणून फेडर (आवाजाची सरकती दांडी) वर जातो, आणि शिट्टी दुसऱ्या दाराने आत येते.

आता तुमची मूळ पद्धत, म्हणजे शिट्टी शोधून कापण्याची. ती चुकीची नाही, फक्त शेवटी यायला हवी आणि लवकर थांबायला हवी. आधी मॉनिटर, मग मुख्य स्पीकर. एका वेळी एकच माइक, तो खऱ्या जागी आणि खऱ्या दिशेने. गेन हळूहळू वाढवा, आणि शिट्टी सुटायची वाट न पाहता शब्दामागे शेपूट ऐकू आली की थांबा. बोट फेडरवरच ठेवा. सुटलेली शिट्टी ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या स्वरांचा भाग) आणि कान दोन्ही खराब करते. फ्रिक्वेन्सी ओळखायला मिक्सरचा आरटीए किंवा फोनवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप पुरतं. कान तयार करायचा असेल तर स्वरांचा आधार घ्या: २५० च्या आसपास ‘ऊ’, ५०० ला ‘ओ’, १००० ला ‘आ’, २००० ला ‘ए’, ४००० ला ‘ई’. रोज थोडा सराव केला तर पडद्याकडे न बघता हात योग्य पट्टीवर जाऊ लागतो.

सापडलेली जागा ३ डेसिबल कापा, १२ नव्हे. शक्य असेल तिथे पॅरामेट्रिक ईक्यू वापरा, ज्यात फ्रिक्वेन्सी आणि कटची रुंदी आपण ठरवतो. शिट्टी एका बिंदूवर असते, पण ३१ बॅन्डची १ किलोहर्ट्झची पट्टी साधारण ८९० ते ११२० पर्यंतचा सगळा प्रदेश खाली नेते, आणि पुष्कळ यंत्रांत शेजाऱ्यांनाही ओढते. पॅरामेट्रिकमध्ये क्यू (कट किती अरुंद आहे तो आकडा) ६ ते १० पुरे. फार अरुंद नॉच, म्हणजे खाच, मला आवडत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की ध्वनीचा वेग पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो, १००० हर्ट्झची जागा सतरा-अठरा हर्ट्झने सरकते, आणि केसासारखी बारीक खाच रिकाम्या जागी बसून राहते. हातातला माइक हलला तर त्याहून जास्त सरकतं.

पहिली कापल्यावर दुसरी येईल, तिसरी येईल. चार-पाच जागांनंतर एकाच वेळी दोन-तीन स्वर मिळून वाजू लागले की समजा, मर्यादा आली. आता सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच काठावर आहेत आणि यापुढे प्रत्येक पट्टी ओढणं म्हणजे तुकड्यातुकड्याने मुख्य फेडर खाली आणणं. तुमच्या दहा-बारा पट्ट्यांचं हेच झालं. इथे थांबा, ६ डेसिबल खाली या आणि तेवढा आवाज शेवटच्या रांगेला पुरतो का ते ऐका. पुरत नसेल तर उत्तर पुन्हा अंतर, दिशा आणि माइकच्या निवडीत शोधायचं.

अरुंद फिल्टरांनी सभागृह बांधून घेण्याची ही कल्पना जुनी आहे. टेक्सास विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ सी. पी. बोनर यांनी १९६० च्या दशकात एकेका सभागृहासाठी असे फिल्टर बसवून दाखवले. त्याच दशकात बेल लॅब्समधल्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी दुसरा मार्ग सुचवला: प्रत्येक फेरीत आवाज सुमारे ५ हर्ट्झने सरकवायचा, म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी सलग वाढू शकत नाही. भाषणाला ते चालतं, सुरांना नाही. आजची स्वयंचलित फीडबॅक सप्रेसर यंत्रं बहुतेक करून बोनर यांच्या वाटेने जातात, फक्त फिल्टर आपोआप लागतात. भाषणाच्या माइकवर राखीव सुरक्षा म्हणून ती ठीक आहेत. गाण्यावर मी ती लावत नाही. लांबवलेला षड्ज आणि शिट्टी यांत त्यांची गफलत होते आणि गायकाच्या सुराचाच लचका निघतो.

कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र) वापरत असाल तर त्याचा मेक-अप गेन (दाबलेलं भरून काढणारी वाढ) तपासा. वक्ता गप्प असतो तेव्हा कॉम्प्रेसर काहीच दाबत नाही, पण ६ डेसिबल मेक-अप मात्र पूर्ण लागू असतो. भाषणाच्या मधल्या शांततेत माइक गुणगुणू लागतो तो यामुळे. शिट्टी शोधण्याचं काम कॉम्प्रेसर चालू ठेवूनच करा.

कार्यक्रमात अचानक ओरडलं तर पट्ट्या शोधू नका. ज्याच्यावर संशय असेल त्याचा फेडर ३ डेसिबल खाली घ्या, संशयित ठरत नसेल तर मुख्य फेडर, आणि मंचाकडे बघा. शेवटचा कोण हलला? माइक घेऊन कोणी स्पीकरसमोर आलंय, कोणी तो मॉनिटरकडे तोंड करून खाली धरलाय, कोणी नुकताच म्यूट उघडलाय. कारण तिथे सापडतं. सभागृह भरल्यावर माणसं आवाज शोषतात आणि बहुधा थोडी जास्त जागा मिळते. ती वापरून टाकायची घाई करू नका.

राहिला हळू बोलणारा वक्ता. त्याचा आवाज पोडियमच्या मॉनिटरमध्ये जात असेल तर तो पूर्ण बंद करा, भाषण करणाऱ्याला तो लागत नाही. तरी पुरलं नाही तर कॉलरचा माइक देऊ नका. तो छातीवर, तोंडापासून वीसेक सेंटिमीटरवर असतो आणि बहुतेकदा सगळीकडून ऐकणारा असतो. हेडसेट द्या. गालाशी, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर बसलेला माइक कॉलरच्या माइकपेक्षा १५ डेसिबलहून जास्त देतो, आणि वक्त्याने मान फिरवली तरी अंतर बदलत नाही.